प्राचार्यांचं पद गोठवू नका : इंदूरच्या आपल्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

प्राचार्य निवृत्त झाले की ते पद यापुढे भरायचं नाही, शाळेचा सगळा कारभार एका सीईओंकडे सोपवायचा आणि शिकवण्याकडे बघायचं काम तीन कोऑर्डिनेटरांत वाटून द्यायचं, असा ठराव आपण मंजूर केलात. त्याचं पत्रक आधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, मग शिक्षकांपर्यंत पोहोचलं. आजीव सभासदांना कळवण्याची तर कुणाला आठवणही झाली नाही. मी आपल्याला रीतसर पत्र लिहिलं, सचिवांना फोन केला. ‘मीटिंगमध्ये ठेवतो’ यापुढे उत्तर गेलं नाही. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इंदुरातली मराठी मंडळी ते ओळखतील. ज्यांना ओळखता येणार नाही त्यांनी आपापल्या शाळेचं नाव घालून वाचलं तरी चालेल, कारण आज आपल्याकडे झालेली गोष्ट उद्या रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर, कुठेही होऊ शकते.

माझा संबंध सांगते. मी याच शाळेत शिकले, बी.एड. करून याच शाळेत गणित शिकवायला लागले, वर्षानुवर्षं नववी-दहावीची वर्गशिक्षिका होते, मग परीक्षा विभाग सांभाळला, उपप्राचार्य झाले आणि शेवटी प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. कुणी म्हणेल की बाईंची खुर्ची सुटत नाही. तर सांगून ठेवते, मला ती खुर्ची नको आहे, आणि वयाच्या नियमात मी बसतही नाही. ती खुर्ची राहावी आणि तिच्यावर वर्गात उभं राहिलेलं माणूस बसावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. अनुदान आटलं. इमारत जुनी आहे, पावसाळ्यात प्रयोगशाळेचं छत गळतं. बायपासकडच्या मोठ्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आपल्या गल्लीतून मुलं उचलून नेतात. सीबीएसई घेतल्यापासून खर्च वाढला, प्रवेश त्या मानानं वाढले नाहीत. हिशेब, फी, बस, बांधकाम, ऑडिट हे सगळं बघायला एखादा जाणकार माणूस नेमलात तर मी त्याचं स्वागतच करीन. माझ्या काळात असा माणूस असता तर माझ्या कित्येक दुपारी बसच्या फिटनेस सर्टिफिकेटमागे गेल्या नसत्या. आक्षेप त्या गृहस्थांवर नाही. ज्यांनी कधी तास घेतला नाही त्यांच्या हातात तास, परीक्षा, शिक्षकांची नेमणूक आणि मुलांचा प्रवेश-निकाल दिलात, त्यावर आहे.

बाहेरून बघणाऱ्याला प्राचार्य म्हणजे सह्या करणारा आणि पंधरा ऑगस्टला भाषण ठोकणारा माणूस वाटतो. मंडळातल्या काही जणांचाही तसाच समज दिसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सकाळी प्रार्थनेच्या आधी अरेंजमेंटचं रजिस्टर उघडतं. कोण रजेवर, कुणाचा तास रिकामा, कुणाला कुठे पाठवायचं. आता हे काम सॉफ्टवेअर करतं असं पत्रकात अभिमानानं लिहिलं आहे. करू दे. पण काल नववी ‘ब’मध्ये दोन गटांत हाणामारी झाली आहे आणि आज तिथे पंधरवड्यापूर्वी रुजू झालेल्या मुलीला एकटीला पाठवलं तर ती रडत बाहेर येईल, हे सॉफ्टवेअरला दिसत नाही. तिथे पी.टी.चे सर पाठवायचे आणि त्या मुलीला सहावीत द्यायचं, हा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो आणि तो घ्यायला शाळा अंगात मुरलेली असावी लागते.

दुसरं काम कॉपी, म्हणजे मुलांच्या वह्या, तपासणीचं. एखाद्या वर्गाच्या कॉप्यांचा गठ्ठा मागवून चाळला आणि निम्म्या मुलांनी त्रिकोणमितीचं एकच उदाहरण एकाच पायरीवर चुकवलेलं दिसलं, की समजायचं चूक मुलांची नाही, फळ्यावरची आहे. मग त्या शिक्षकाला बोलवायचं, दार लोटायचं, चहा सांगायचा आणि त्याचा अपमान न करता ती पायरी पुन्हा समजावायची. दुसऱ्या दिवशी तो वर्गात जाऊन स्वतःच ती दुरुस्त करतो. कॉपी तपासली की नाही, एवढं डॅशबोर्डवर हिरव्या-लाल रंगात कळतं. आत काय लिहिलंय ते वाचायला विषय यावा लागतो, आणि शिक्षकानं ऐकून घ्यावं असं वाटत असेल तर सांगणाऱ्यानं आधी तोच खडू हातात धरलेला असावा लागतो.

हे काम तीन कोऑर्डिनेटरांत वाटलं म्हणून पुरेसं होत नाही. तिघींनाही मी ओळखते, दोघी माझ्याच हाताखाली तयार झाल्या. त्यांना स्वतःचे तास आहेत, वर पत्रकाप्रमाणे ‘रिपोर्टिंग’ सीईओंना आहे, आणि कुणाचीही रजा, बदली किंवा साधा मेमो त्यांच्या सहीनं निघत नाही. जबाबदारी तिघींची आणि अधिकार एकीजवळही नाही. सगळे प्राचार्य चांगले होते असा दावा मी करणार नाही. हुकूमशहा होते, आळशी होते, पालकांना दारात तिष्ठत ठेवणारेही होते. पण वाईट प्राचार्य बदलता येतो. प्राचार्यच नसेल तर गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे?

आता ज्या गोष्टीनं मला हे पत्र लिहायला बसवलं ती सांगते. ती नववीची आहे.

नववी हा माध्यमिक शाळेतला सगळ्यात अवघड वर्ग आहे, हे कुठलाही शिक्षक सांगेल. शिक्षणाच्या हक्काचा कायदा 6 ते 14 वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. 25 टक्क्यांच्या राखीव जागांवर आलेली मुलं आठवीपर्यंत आपल्याकडे विनाफी शिकतात आणि नववीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या नावापुढे पूर्ण फी चढते. बाप ऑटो चालवतो, आई चार घरी पोळ्या करते, मूल बरं शिकतंय, आणि अचानक ते ‘डिफॉल्टर’च्या यादीत जातं. आजवरचे सगळे प्राचार्य, चांगले आणि वाईट दोन्ही, अशा मुलांसाठी काहीतरी जुळवत आले. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून, हप्ते पाडून, कधी एखाद्या सभासदाला गळ घालून. नियमात त्याची कुठेही नोंद नाही. यंदा त्या यादीतल्या पालकांना थेट नोटीस गेली आणि नोटिशीवर सही लेखा विभागाची आहे. ते मूल वर्गात कसं आहे हे त्या सहीला माहीत असायचं कारणच नाही.

त्याहून वाईट म्हणजे निकालाचा धंदा. मी जपून लिहिते आहे. नववीच्या छमाहीत कमी गुण पडलेल्या मुलांच्या पालकांना एकेकटं बोलावून ‘दुसरी शाळा बघा, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) लगेच देऊ’ किंवा ‘दहावी प्रायव्हेट द्या’ असं सुचवलं गेल्याचं काही पालक माझ्या घरी येऊन सांगून गेले. नववी गाळून घेतली की दहावीचा निकाल चमकतो, ही युक्ती इंदुरात नवी नाही. पुष्कळ शाळा ती करतात आणि मग निकालाचे फ्लेक्स चौराह्यावर लागतात. आपल्या शाळेनं ती आजवर केली नव्हती, आणि आपले निकाल शेजारच्यांपेक्षा दोन बोटं खाली राहिले त्याचं हेही एक कारण होतं. ते खालचे निकाल मला मान्य होते. मंडळाला नसतील तर तसं उघड सांगावं.

तीच गोष्ट गणिताची. सीबीएसईनं 2020 च्या परीक्षेपासून दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक असे गणिताचे दोन पेपर सुरू केले. अभ्यासक्रम एकच, बेसिकचा पेपर सोपा. ज्याला पुढे गणित नको आहे त्याच्या डोक्यावरचा भार कमी व्हावा, हा हेतू चांगला. पण बेसिक घेतलेल्या मुलाची अकरावीला गणित घ्यायची वाट मूळ नियमात अडत होती. मधल्या काळात सीबीएसईनं त्यात सवलत दिली, तेव्हाही त्या मुलाची गणिताची कुवत पारखून घेण्याचं काम शाळाप्रमुखावरच टाकलं. आपल्याकडे आता नववीच्या वार्षिक गुणांवर एक रेघ मारून तिच्याखालच्या सगळ्यांची नावं बेसिकला भरायची सूचना निघाली आहे. मुलांना विचारलं नाही, गणिताच्या शिक्षकांना विचारलं नाही. नववीत गणितात गटांगळ्या खाणारी आणि दहावीच्या दिवाळीनंतर एकदम मार्गाला लागणारी मुलं मी दर वर्षी पाहिली आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची वाढ एक्सेलच्या रेघेप्रमाणे होत नाही. इंजिनिअर व्हायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, शाळेनं सरासरी सुधारण्यासाठी ते दार आधीच लावून घेऊ नये.

भरीला 2026 पासून दहावीची बोर्डाची परीक्षा वर्षातून दोनदा झाली आहे. पहिली सगळ्यांना सक्तीची, दुसरी ऐच्छिक आणि तीही जास्तीत जास्त तीन विषयांपुरती. कोणत्या मुलानं दुसऱ्यांदा बसावं, कोणत्या विषयात, आणि कुणाला ‘बाळा, झालं तेवढं पुरे, आता अकरावीकडे बघ’ असं सांगावं, हे प्रत्येक मुलाशी बोलून ठरवावं लागणार. प्रश्नपत्रिकेतले निम्मे प्रश्न आता पाठांतरावर न सुटणारे, समज तपासणारे असतात, त्यामुळे शिकवण्याची पद्धतही बदलावी लागते. शिक्षकांना हे बदल शिकवायला, त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसून बघायला एक प्रमुख लागतो. नेमक्या याच वर्षी आपण तो काढून टाकलात.

शिक्षकांबद्दल. सीबीएसईच्या नियमांप्रमाणे प्रत्येक तुकडीमागे दीड शिक्षक लागतात आणि त्या मोजणीत प्राचार्य, खेळाचे शिक्षक आणि समुपदेशक धरत नाहीत. आपण कागदावर ती संख्या भरता, पण नव्या नेमणुका अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. एप्रिलमध्ये सोडायचं, जूनमध्ये पुन्हा घ्यायचं. परिणाम असा की चांगली मुलगी दोन वर्षं शिकते, तयार होते आणि भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये दुप्पट पगारावर निघून जाते. मी तिला दोष देत नाही. तिला दिसतं आहे की इथे राहून पुढे काहीच नाही. पूर्वी पुढे काहीतरी होतं. वर्गशिक्षक, विभागप्रमुख, परीक्षाप्रमुख, उपप्राचार्य, प्राचार्य अशी वाट होती. त्या वाटेवर माणूस हळूहळू शाळा चालवायला शिकतो. वेळापत्रक जुळवताना कळतं की संगीताचा तास दरवेळी आपणच कापतो. निकाल लावताना कळतं की ग्रेसचे गुण कुठे न्याय्य आहेत आणि कुठे लबाडी. शिपायाच्या मुलीच्या लग्नाला गेल्यावर कळतं की शाळेतली अर्धी बातमी त्याच्याकडे असते. नेतृत्वाचा सहा महिन्यांचा कोर्स जरूर करावा, पण त्याच्या जोडीला ही वर्षं लागतात.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात हेच म्हटलं आहे. ज्या शिक्षकांत नेतृत्वाचे गुण दिसतात त्यांना टप्प्याटप्प्यानं तयार करून शाळांची शैक्षणिक धुरा द्यावी, आणि शिक्षकांप्रमाणे शाळाप्रमुखांनीही दर वर्षी 50 तासांचं प्रशिक्षण घ्यावं. आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर या धोरणाचं नाव ठळक अक्षरांत छापलं आहे. कृपा करून आतलंही वाचावं.

सरकारी शाळांकडे बोट दाखवून ‘तिकडे तर सगळीकडे प्रभारीच आहेत’ असं एका सदस्यांनी म्हटल्याचं कानावर आलं. आहेत, खरं आहे. 2016 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं पदोन्नतीचे 2002 चे नियम रद्द केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बढत्या अडकून पडल्या. 2025 मध्ये नवे नियम आले, तेही न्यायालयात पोहोचले. या काळात कित्येक शिक्षक व्याख्याता म्हणूनच निवृत्त झाले आणि एकेका प्रभारी प्राचार्यानं स्वतःचे तास, शाळा आणि वर संकुलाचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं, काम ओढलं. त्यांच्यापैकी काही जण माझ्या परिचयाचे आहेत, ते या व्यवस्थेचं कौतुक करत नाहीत. सरकारपुढे निदान कोर्टाची केस होती. आपल्यापुढे कुठली आहे?

कोचिंगवाल्यांशी अकरावी-बारावीचा ‘इंटिग्रेटेड’ करार करायचं चाललं आहे असंही ऐकते. म्हणजे मुलगा नावाला आपला, दिवसभर तिकडे, आणि आपल्याकडे फक्त हजेरी. डमी प्रवेशांवर सीबीएसई कारवाई करतं आहे हे सीईओंना माहीत असेलच. जास्त लिहीत नाही.

मराठीचा तास सहावी ते आठवीत तिसरी भाषा म्हणून होता, तो यंदा ‘स्किल’साठी कमी केला. याबद्दल मला स्वतंत्र भांडायचं आहे, ते पुन्हा केव्हातरी.

नियमाची एक गोष्ट मात्र लगेच बघण्यासारखी आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे, तिच्यात दोन शिक्षक आणि दोन पालक असावे लागतात आणि शाळेचा प्रमुख हा त्या समितीचा पदसिद्ध सदस्य-सचिव असतो. आता हा सदस्य-सचिव कोण? एका कोऑर्डिनेटरचं नाव कागदोपत्री प्राचार्य म्हणून लावलं जाणार असेल तर तिला ते सांगितलं आहे का, आणि त्या नावाबरोबर अधिकार व पगारही देणार का? समितीवरचे दोन शिक्षक कोण आहेत हे मी चार शिक्षकांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही.

मागण्या स्पष्ट लिहिते.

प्राचार्यपद गोठवण्याचा ठराव मागे घ्यावा आणि पदाची जाहिरात द्यावी. बाहेरचा उमेदवार चालेल, पण त्यानं नववी ते बारावीला पुरेशी वर्षं शिकवलेलं असावं, आणि प्राचार्य झाल्यावरही आठवड्याला काही तास घेण्याची अट नेमणूकपत्रात असावी. शिकवणं, परीक्षा, प्रवेश, टीसी आणि शिक्षकांचं मूल्यमापन या बाबतींत शेवटचा शब्द प्राचार्यांचा, हे लेखी असावं. सीईओंनी हिशेब, इमारत, बस आणि कार्यालय बघावं. प्राचार्य येईपर्यंत तिघींपैकी एकीला पूर्ण अधिकारांसह प्रभार द्यावा, प्रभार भत्त्यासह.

नववीच्या कुठल्याही मुलाला गुणांच्या किंवा फीच्या कारणानं टीसी घ्यायला सुचवू नये. या वर्षी ज्यांना दिली त्यांना परत यायचं असेल तर घ्यावं. आठवीनंतर फी झेपत नाही अशा मुलांसाठी माजी विद्यार्थी निधी नियमात बसवावा. त्यासाठी पैसे जमवायला मी आणि माझ्या बॅचच्या मैत्रिणी तयार आहोत, पावती संस्थेचीच फाडू.

बेसिक-स्टँडर्डची निवड मूल, पालक आणि विषयशिक्षक यांनी बसून करावी. रेघेची सूचना रद्द करावी.

अकरा महिन्यांचे करार थांबवून रिक्त जागांवर परिवीक्षेनं नियमित नेमणुका कराव्यात. एकदम जमणार नाही, मान्य. निदान गणित, विज्ञान आणि इंग्रजीपासून सुरुवात करावी आणि बाकीच्यांचं वेळापत्रक जाहीर करावं.

व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावं शाळेच्या फलकावर लावावीत.

आपली संस्था 1973 च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेली आहे आणि आम्ही आजीव सभासद तिच्या रजिस्टरवर आहोत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव चर्चेसाठी घ्यावा, अशी रीतसर मागणी मी या पत्राबरोबर कार्यालयात देत आहे. पोच हवी आहे. सभेची नोटीस व्हॉट्सॲपवर न टाकता पोस्टानं पाठवावी, कारण आमच्यातले निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत. आणि सभा रविवारी सकाळी ठेवावी, म्हणजे शिक्षकांनाही रजा न टाकता येता येईल.

आपली,
शाळेची माजी विद्यार्थिनी, निवृत्त प्राचार्य आणि संस्थेची आजीव सभासद
इंदूर